दादर कधी निघते, ते आधी विचारा

दादर म्हणजे आपल्या तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतली रब्बीची ज्वारी. पावसाळा सरला की जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती पेरतात आणि थंडीच्या दवावर ती वाढते. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शहरातल्या घरांनी वर्षाची दादर जवळच्या शेतकऱ्याकडून घ्यावी. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी दादरविषयी विचारलं, बहुतेकांनी थेट खरेदी-विक्रीविषयी. त्यातली काही इथे घेते.

प्रश्न : ताई, जळगावात आमच्या कॉलनीत चौदा घरं आहेत. मागे आम्ही शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडून थेट भाजी घ्यायला सुरुवात केली. पहिले काही आठवडे छान गेले. मग बाजारात टोमॅटो उतरला आणि निम्म्या घरांनी घेणं बंद केलं. पुढे टोमॅटो चढला तेव्हा शेतकरीदादांनी सगळा माल व्यापाऱ्याला दिला. आता पुन्हा सुरू करायचं म्हणतोय. या वेळी काय वेगळं करावं?

उत्तर : तुमचा व्यवहार का मोडला ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. माल थेट घेतलात, पण भाव मात्र दोघांनीही रोजच्या बाजारावर सोडला. बाजार उतरला की गिऱ्हाईक जाणार, चढला की माल जाणार. यात तुमचा दोष नाही आणि त्या दादांचाही नाही. बोलणं हंगामाच्या आधी झालं नव्हतं, एवढंच.

मी चोपडा तालुक्यात शेती करते. जळगाव-भुसावळच्या काही घरांना आमच्याकडून धान्य आणि डाळी जातात. त्यातली जी घरं टिकली, त्यांनी पेरणीच्या वेळीच फोन करून विचारलं होतं, "यंदा दादर किती लावताय? त्यात आमची एवढी धरा." त्या एका फोनवर माझं अर्धं नियोजन होतं. किती रान दादरला ठेवायचं आणि किती हरभऱ्याला द्यायचं, हे मी अंदाजावर न सोडता ठरवू शकते.

म्हणून माझा आग्रह आहे की भाजीपासून सुरुवात करू नका, धान्यापासून करा. भाजी रोज भाव बदलते आणि दोन दिवसांत सुकते. चौदा घरांना एकमेकांची सवय लागेपर्यंत ती दम धरत नाही. दादर वर्षातून एकदा घरात येते. एकदाच हिशेब आणि एकदाच गाडी. तेवढ्यात माणसं ओळखीची होतात, भाजीचं पुढच्या वर्षी बघता येतं.

हिशेब असा मांडा. एका घरात एकवेळ भाकरी होत असेल तर महिन्याला दहा किलो ज्वारी धरा, म्हणजे वर्षाला एकशेवीस किलो. चौदा घरांचे झाले साधारण सतरा क्विंटल. कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल निघाली असं धरलं, तर तुमच्या कॉलनीची भाकरी अडीच-तीन एकरांत बसते. तीन एकर म्हणजे कुठल्या तरी एका शेतकरी कुटुंबाचं रब्बीचं रान! तुमच्या चौदा घरांनी मनावर घेतलं तर एका घराचा हंगाम उभा राहतो. ही गोष्ट चौदाही घरांतल्या मोठ्या माणसांनी एकदा तरी त्या रानात उभं राहून बघावी असं मला फार वाटतं. डिसेंबरात जा, तेव्हा पीक डोक्याच्या वर गेलेलं असतं.

आता भाव. पेरणीच्या वेळी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात, दोघांनी बसून एक खालचा भाव ठरवायचा. बाजार कितीही पडला तरी शेतकऱ्याला तेवढा मिळणारच. काढणीच्या वेळी बाजार त्याच्या वर असेल तर वरचा फरक निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा. हे वहीच्या एका पानावर लिहा आणि दोघांनी सही करा. एकतृतीयांश रक्कम इसार म्हणून पेरणीला द्या, बाकीची माल घरी आल्यावर. बियाणं, मशागत आणि पेरणीची मजुरी हा सगळा खर्च तेव्हाच उभा राहतो, आणि बहुतेक घरं तो व्याजाने आणलेल्या पैशातून भागवतात. तुमच्या इसाराने ते व्याज वाचतं. भावात चार पैसे सवलत मागायची असेल तर ती या आधारावर मागा, ती न्याय्य होईल.

पीक गेलं तर काय, हे त्याच पानावर लिहा. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस येतो, गारपीट होते, दाणा काळा पडतो. आपल्याकडे हे आता कुणाला नवीन नाही. अशा वेळी इसार लगेच परत मागू नये. तो पुढच्या हंगामावर जमा धरावा किंवा तेवढ्या किमतीचा हरभरा घ्यावा. ज्यांना एवढं सोसणं शक्य नाही त्यांनी इसार न देता चालू भावाने घ्यावं, त्यातही कमीपणा काही नाही. पण मग वर्षभर "माझी एवढी धरा" असा हक्क सांगू नये.

अजून दोन गोष्टी. कॉलनीतल्या एकाच माणसाने शेतकऱ्याशी बोलायचं. चौदा घरांचे चौदा फोन रानात काम करणाऱ्या माणसाला घेता येत नाहीत. दुसरं असं की पोती उतरल्यावर "मला त्या पोत्यातली द्या" हे होऊ देऊ नका. सगळी दादर एका ताडपत्रीवर ओतून सारखी करा आणि मग मोजा.

घरी आल्यावर दाणा दाताखाली धरा. कडकन फुटला पाहिजे. दबला तर ऊन कमी आहे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर तीन-चार दिवस पसरली की काम होतं. मग गार होऊ द्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. गरम धान्य कोठीत भरलं की आत घाम धरतं आणि टोके लागतात.

दादर जमली की पुढचं सोपं होतं. उडीद-मूग भादव्यापासून दसऱ्यापर्यंत निघतात, भुईमूग दिवाळीच्या आसपास, तूर पौष-माघात, हरभरा आणि गहू होळीच्या आगेमागे, लसूण-कांदा त्याच सुमारास. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या हिवाळाभर लाल असतात. हे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. उडीद घेणार असाल तर सालासकट अख्खा घ्या. चार वाट्या दादर, एक वाटी उडीद आणि मीठ एकत्र दळलं की कळण्याच्या भाकरीचं पीठ तयार. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे गव्हाच्या घाण्यावर तो ते घालणार नाही.

प्रश्न : मी यावल तालुक्यातला तरुण शेतकरी आहे. दीड एकर भरताची वांगी आहेत. बाजारात नेली की हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हाती फारसं राहत नाही, आणि तीच वांगी भुसावळात गल्लीत अडीचपट भावाने विकली जातात. मी स्वतः विकू शकतो का? कायद्याची अडचण येईल का? भाव किती लावू?

उत्तर : विकू शकता. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. आवाराबाहेर कुणालाही विकलात तरी समितीचा सेस लागत नाही. त्याच वेळी फळं-भाजीची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असंही ठरलं. तुमच्या विक्रीच्या पट्टीत अजून आडत कापली जात असेल तर पट्टी घेऊन बाजार समितीच्या सचिवांना भेटा आणि लेखी विचारा. आपल्या शेतातला माल जसाच्या तसा विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षेचा परवानाही लागत नाही. एक गोष्ट मात्र टाळू नका : इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनाचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला काटा पकडला गेला तर दंड होतोच, शिवाय गल्लीत नाव जातं. रस्त्यावर बसणार असाल तर नगरपालिकेची बाजार पावती फाडावी लागेल. सोसायटीच्या आवारात अध्यक्षांना विचारून गाडी लावली तर तो प्रश्न येत नाही.

भावाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तरुण मुलं इथेच फसतात. समजा बाजारात तुम्हाला किलोला 15 रुपये पडतात आणि गल्लीत तीच वांगी 40 ला जातात. मधले 25 रुपये कुणीतरी फुकट खातो असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या 25 मध्ये गाडी आहे, गल्लोगल्ली फिरणाऱ्या माणसाचा दिवस आहे, संध्याकाळी सुकलेली आणि फेकावी लागणारी वांगी आहेत, उधारी आहे. हे सगळं आता तुम्ही अंगावर घेणार आहात. म्हणून 15 ला किंवा 18 ला विकायला बसू नका. 28-30 लावा. गिऱ्हाईकाला दहा रुपये वाचतील आणि तुमचा दिवस भरून निघेल. स्वतःच्या कष्टाची मजुरी हिशेबात धरणं सगळ्यात आधी. तुमच्या घरातली जी माणसं पहाटे तोडणी करतात, त्यात बहुधा आई आणि बायको असतील, त्यांचीही मजुरी धरा. ती धरली नाही तर थेट विक्री नफ्यात आहे असं नुसतं वाटत राहतं.

सगळा माल मात्र थेट विकायला काढू नका. दीड एकर वांग्याला बहर आला की एका तोड्याला कॅरेटच्या थप्प्या लागतात. एवढी वांगी दारोदार संपत नाहीत. आठवड्याचा एक तोडा थेट विक्रीला ठेवा, बाकी नेहमीच्या आडत्याकडे जाऊ द्या. त्याच्याशी संबंध तोडू नका. मालाचा पूर येतो त्या दिवशी तोच उचलतो, आणि अडीनडीला उचलही तोच देतो. मी आडत्यांच्या बाजूने बोलते असं काही वाचकांना वाटेल. पण ज्याने रात्री दोनला गाडी उतरवून घेतली आहे त्याचं काम मी बघितलेलं आहे.

तुमच्याकडे एक मोठी गोष्ट आहे, ती वापरा. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात नाव तुमच्याच तालुक्यातल्या बामणोदचं आहे. फिकट हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं. भुसावळ-जळगावात थंडीच्या दिवसांत भरीत पार्ट्या कोण करतं याची यादी काढा. रेल्वेच्या वसाहती, बँकांचे कर्मचारी, शाळांचे गट, मळ्यात सहल नेणारी मंडळं. यांना एकदम वीस-पंचवीस किलो लागतात आणि तारीख आधी ठरलेली असते. वांग्यांबरोबर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा द्या. शहरात लोकांना काड्या मिळत नाहीत आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही. हिरवी मिरची, कांद्याची पात आणि लसूण शेजारच्या रानातून घेऊन सोबत दिलीत तर त्यांना बाजारात जावं लागत नाही. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायला येणारी एखादी मावशी गावात असेल तर तिलाही रोजगार होईल. हे गिऱ्हाईक किलोच्या भावावरून घासाघीस करत नाही. नोव्हेंबर संपायच्या आत त्यांच्या तारखा वहीत आल्या पाहिजेत.

प्रश्न : आम्ही धुळ्याचे. शेजारच्या जिल्ह्यातून देशभर केळी जातात आणि आमच्या हातगाडीवर मात्र वरून पिवळी, आतून कडक केळी येतात. चांगली केळी कशी मिळवावी?

उत्तर : रावेर, सावदा, यावलकडची उत्तम केळी हिरवी कापली जातात आणि ट्रकने थेट उत्तरेला निघतात. स्थानिक बाजाराला बऱ्याचदा मागे राहिलेला माल येतो. कच्चा घडच आणा. पाच-सहा घरांनी मिळून दोन घड घेतले तर फण्या वाटून घेता येतात. कापणी चालू असलेल्या मळ्यातून घेतलेत तर शेतकरी आनंदाने देतो.

पिकवायला काहीच लागत नाही. फण्या सुट्या करून कागदाच्या खोक्यात ठेवा, सोबत एक-दोन पिकलेली केळी किंवा पेरू ठेवा आणि झाकून सोडा. पिकल्या फळातून इथिलीन निघतं, त्यानेच बाकीची पिकतात. रायपनिंग चेंबरमध्येही हाच वायू मोजून सोडतात, त्याला परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडला. फ्रिजमध्ये कच्ची केळी ठेवू नका. तेरा अंशांच्या खाली केळं काळं पडतं आणि पुढे नीट पिकत नाही. सगळी एकदम पिकू नयेत म्हणून दोन दिवसांच्या अंतराने खोकी भरा.

प्रश्न : धडगाव तालुक्यात आमचा बायांचा बचतगट आहे. आम्ही आमचूर करतो आणि मोर नावाचं धान्य पिकवतो. व्यापारी दारात येऊन घेतो, भाव तो सांगेल तो. धुळे-नंदुरबारच्या लोकांना थेट विकायचं आहे. पाकिटं कशी करायची, परवाना कुठे मिळतो?

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. चैत्र-वैशाखात गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि सातपुड्याच्या उन्हात वाळवायच्या, या कामाला किती हात लागतात ते मी मोलगी-धडगावकडे पाहिलं आहे. म्हणून जे वाटतं ते स्पष्ट लिहिते. आमचूर स्थानिक घरांत फार खपणार नाही. आपल्या खान्देशात आमटीला चिंच घालतात. आमचूर लागतो तो उत्तरेकडच्या स्वयंपाकाला आणि मसाल्याच्या कारखान्यांना. तो थेट पाकिटात विकायच्या मागे गटाची ताकद घालवू नका. आमचुरासाठी चार-पाच गटांनी माल एकत्र करावा, पांढरा आणि काळपट वेगळा निवडावा, आणि व्यापारी दारात येण्याआधी नंदुरबारच्या बाजारातला त्या दिवसाचा भाव फोनवर विचारावा. एवढ्यानेही फरक पडतो, कारण भाव माहीत असलेल्या बाईशी बोलताना समोरचा जपून बोलतो.

जवळच्या गिऱ्हाईकासाठी तुमच्याकडे खरं सोनं आहे ते मोर, म्हणजे शहरात जिला भगर म्हणतात ती. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र, दर महिन्याच्या एकादशा : धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार इथल्या घराघरांत ती लागते. आणि आज दुकानातली पाकिटं बहुतांश नाशिककडच्या गिरण्यांतून येतात. तुमच्या डोंगरातला दाणा बाहेर जाऊन भरडून परत तुमच्याच जिल्ह्यात येतो. तो तिथेच भरडला गेला तर मजुरी गावात राहील. लहान भरडयंत्रं मिळतात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना 2020 मध्ये सुरू झाली, तिच्यात बचतगटाच्या सभासदाला 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रासाठी कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान अशी तरतूद ठेवलेली आहे. सध्या अर्ज घेत आहेत का, हे तालुका कृषी कार्यालयात आणि उमेद या बचतगटांच्या सरकारी अभियानाच्या तालुका कक्षात विचारा. दोन्हीकडे विचारा, एकीकडे नाही म्हटलं तरी.

परवान्याचं असं की मोर आणि आमचूर हा प्रक्रिया केलेला माल झाला, त्यामुळे अन्नसुरक्षा नोंदणी लागेल. छोट्या उलाढालीला पूर्ण परवाना नको, साधी नोंदणी पुरते. ऑनलाइन होते, फी अगदी थोडी आहे, आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर छापायचा. शिवाय मालाचं नाव, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, किंमत, गटाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. शिक्का बनवून घेतला तरी चालतो, सुरुवातीलाच हजारो पाकिटं छापू नका.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. उपवासाच्या दिवसांत भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ओलसर दाण्यावर बुरशी धरते, पीठ जुनं झालं की ती वाढते. म्हणून पीठ विकूच नका, फक्त दाणा विका. भरडल्यावर पुन्हा ऊन द्या, पावसाळ्यात पाकिटं भरायची असतील तर लहान तुकड्यांत भरा आणि तारीख खरी घाला. गिऱ्हाईकालाही सांगा की पीठ लागेल तेवढंच घरी दळा. तुमच्या गटाच्या मोराने कुणी आजारी पडलं नाही, हे नाव पाच वर्षं टिकलं तर तुम्हाला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

विक्रीसाठी श्रावणाच्या आधी, आषाढातच निघा. शहरांतली महिला मंडळं, भजनी मंडळं, शाळांमधल्या शिक्षिका यांना अर्ध्या किलोचं पाकीट दाखवा आणि नवरात्रापर्यंतची मागणी लिहून घ्या. तुमच्याच जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्याचं उदाहरण सांगा. तिथल्या तुरीच्या डाळीला 2016 मध्ये मानांकन मिळालं. डोंगरातल्या मालाला नाव मिळतं हे शहरातल्या बायांना ठाऊक असायला हवं.

प्रश्न : अमळनेरच्या आठवडे बाजारात शेतकरी कोण आणि व्यापारी कोण, हे ओळखायचं कसं? सगळेच "आमच्या मळ्यातलं" म्हणतात.

उत्तर : ढीग बघा. शेतकऱ्याकडे एका हंगामात तीन-चारच जिनसा असतात आणि त्यात लहान-मोठं सगळं मिसळलेलं असतं. ज्याच्यासमोर सिमला मिरचीपासून आल्यापर्यंत पंधरा प्रकार मांडलेले आहेत, त्याने ते विकत आणलेले आहेत. त्याच्याकडून घेऊ नका असं मी म्हणत नाही, त्यालाही पोट आहे आणि आलं कुठून तरी आणावंच लागतं. पण "भाव काय शे?" याच्या आधी "पुढच्या आठवड्यात काय निघेल?" हे विचारून बघा. मळा असलेला माणूस लगेच सांगतो, गिलकी संपत आली, पालक यायचा आहे, गवार अजून पंधरा दिवस. त्याचा फोन नंबर घ्या. राज्य कृषी पणन मंडळाने 2016 पासून काही शहरांत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. तुमच्या गावात तसा भरवायचा असेल तर जागा आणि ठरलेला वार या दोन गोष्टी आधी नगरपालिकेकडून पक्क्या करा. वार बदलला की बाजार मोडतो.

प्रश्न : ओळखीचा शेतकरी माल सेंद्रिय आहे म्हणतो, प्रमाणपत्र नाही. विश्वास ठेवू का?

उत्तर : स्वतःच्या हाताने थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त सरकारी सेंद्रिय चिन्ह त्याला वापरता येत नाही. विश्वास ठेवायचा तर शेतावर जा. शेणखताचा उकिरडा कुठे आहे, गुरं किती आहेत, कीड आली तेव्हा काय फवारलं, बांधापलीकडच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने इकडे येते का, हे विचारा. खरं करणारा माणूस या प्रश्नांवर तासभर बोलतो. आणि कुणी सरळ म्हणाला की "ताई, दोन फवारण्या रासायनिक केल्या, काढणीच्या महिनाभर आधी थांबवल्या," तर त्याच्याकडून जरूर घ्या.

प्रश्न : आम्ही मूळचे पारोळ्याचे, आता पुण्यात राहतो. भरताची वांगी, दादर, बिबडे (ज्वारीचे पापड), सगळं गावाकडून मागवावंसं वाटतं. वांगी पार्सलने पाठवणारं कुणी आहे का?

उत्तर : आठवण येणं मी समजू शकते. पण वांगी मागवू नका. एका रात्रीच्या प्रवासात ती दबतात, देठ सुकतो, आणि वांग्यापेक्षा भाडं जास्त होतं. गावाकडून टिकणारं मागवा : दादर, अख्खा उडीद, मिरची, आणि उन्हाळ्यात केलेले बिबडे-कुरडया. वर्षातून एकदा, गावी जाणाऱ्या कुणाच्या गाडीतून. बिबड्यांची मागणी माघातच सांगा, कारण ज्या बाया ते करून देतात त्या फाल्गुनात ज्वारी भिजत घालतात आणि मग हात मोकळे नसतात.

भाजी मात्र पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याकडून घ्या. त्यालाही तुमच्यासारखं नेमाचं गिऱ्हाईक हवं आहे. तिकडच्या मांजरी गोटा वांग्याचं आपल्यासारखं भरीत होत नाही, पण भरली वांगी उत्तम होतात. मसाल्यात आपल्याकडचे शेंगदाणे घाला.